एक चिपळी आणि माझी आवळलेली चाकं

मित्रांनो, मी एक जुना कोरक्या आहे आणि स्वभावाने घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे गोष्टीत मी कुठे थरथरलो, कुरकुरलो, तर तुम्ही समजून घ्याल.

कोरक्या हे माझं घरातलं नाव. माझ्या खोक्यावर 'सीएनसी मशीन' असं छापलेलं होतं. संगणक सांगेल ती आकृती लाकडात कोरायची, हे माझं काम. दिसायला मी फार काही नाही. एका फळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यावर एक आडवा हात, त्या हातावर इकडून तिकडे धावणारी छोटी गाडी आणि गाडीच्या पोटात गरगर फिरणारं कटर. पट्ट्यांना खाचा आहेत, ते माझे रूळ. गाडीची काळी चाकं त्या रुळाला वरून आणि खालून धरून असतात, आपण झोपाळ्याची कडी बोटांत धरतो तशी.

माझी सगळी भीती या चाकांत आहे. चाकं सैल पडली की गाडी डुगडुगते आणि सरळ रेघ नागमोडी येते. फार आवळली की गाडी अडते, मोटर जोर लावते, दमते, आणि तिच्याकडून एखादं पाऊल राहून जातं. मी पावलं मोजत चालणारा प्राणी आहे. मागे वळून बघायची सोय माझ्यात नाही. एक पाऊल चुकलं की पुढची सगळी चुकीच्या जागी पडतात, आणि मी मात्र आपण बरोबर आहोत अशा समजुतीने कोरत राहतो. याच्याइतकी भीतीची गोष्ट दुसरी कोणती असेल?

चाकं सैल-घट्ट करायला खालच्या चाकांमागे एक नट असतं. ते जरा लबाड आहे. त्याचं भोक मधोमध नाही, एका अंगाला आहे. त्यामुळे पान्याने ते किंचित फिरवलं की चाक रुळाला चिकटतं, आणि उलटं फिरवलं की दूर होतं. पाना दिसला की मी दचकतो ते यामुळेच. फिरवणारा हात कोणाचा, ऐकणारा कान कोणाचा, काही सांगता येत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्म म्हणायचं, पण तिथे मला कोणी उभंसुद्धा केलं नाही. माझे तुकडे पिशव्यांत बांधले, खोक्यात कोंबले आणि वर चिकटपट्टी मारली. आत काळोख होता. माझा हात कुठे, चाकं कुठे, मलाच ठाऊक नव्हतं. खोकं जहाजात आदळलं, ट्रकमध्ये आदळलं, आणि शेवटी पुण्यात मंदार नावाच्या तरुण इंजिनियरच्या फ्लॅटमध्ये उघडलं. मंदार कंपनीत संगणकाचं काम करतो आणि लाकडाचं वेड घरी पाळतो. त्याने मला जमिनीवर मांडून तुकड्याला तुकडा जोडला. पहिल्यांदा वीज आली तेव्हा मी इतका बावरलो, की धावत जाऊन रुळाच्या टोकाला धाडकन आदळलो. त्याची बायको रेणू स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय फोडलंस?" तो म्हणाला, "काही नाही, चालायला शिकतोय."

त्यानंतरची वर्षं माझी कौतुकाची. दारावरच्या पाट्या, रांगोळीचे साचे, सोसायटीच्या गणपतीपुढची कमान, सगळं मी कोरलं. लोक वाकून बघत. लहान मुलं लाकडाचा भुसा मुठीत घेऊन वास घेत. मंदार काम झालं की ब्रशने माझे रूळ झाडायचा आणि गाडी हाताने ढकलून बघायचा. भीती तेव्हाही होतीच, पण ती देवाच्या उंबऱ्यावर वाटते तशी, चांगली भीती होती.

मग मंदारची बदली हैदराबादला झाली. रेणूचं ते माहेरच, त्यामुळे ती खूश. तारनाक्याला भाड्याची जागा मिळाली, पण घरमालकाने माझा आवाज ऐकला आणि हात जोडले. म्हणून मी अंबरपेठेत रेणूच्या आई-वडिलांकडे आलो. एका जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी मला माळ्यावर ठेवलं. "एक-दोन रविवार राहू दे," मंदार म्हणाला. ते एक-दोन रविवार फार लांबले, मित्रांनो.

माळ्यावर उंदीर होते. ते माझ्या तारांपाशी येऊन दात लावायचे, आणि मी मेल्यासारखा पडून राहायचो. खाली गल्लीत रोज सकाळी भंगारवाल्याची गाडी यायची. तिच्यावरच्या भोंग्यातून एकच आवाज पुन्हा पुन्हा निघायचा, "पुराना कूलर, पुरानी सायकल, खराब मोटार देव..." तिथल्या बोलीत देव म्हणजे द्या. माझ्यात चांगल्या चार मोटारी आहेत. भोंगा आमच्या दाराशी थांबला की मी मनात देवाचं नाव घ्यायचो. तो पुढे गेला की मगच सोडायचो.

देवाचं नाव मी कुठे शिकलो, तेही सांगतो. त्या घरात रोज दुपारी कीर्तनाची तयारी चाले. रेणूच्या आई तारामतीबाई कीर्तनकार आहेत. त्यांचे वडील बीदरकडच्या गावांतून कीर्तनं करत फिरायचे. त्यांच्या मागे बाईंनी ती गादी चालवली. अंबरपेठेतल्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन त्यांचंच. आधी नमन, मग पूर्वरंगातलं निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग आख्यान. बाई खोलीत एकट्याच उभ्या राहून सगळं म्हणायच्या, आणि त्यांच्या उजव्या हातात चिपळ्या बोलायच्या. लाकडावर लाकूड, वर पितळी चकत्यांची किणकिण. मी लाकूड कापणारा. लाकूड असंही बोलतं, हे मला माहीतच नव्हतं. तो आवाज सुरू झाला की उंदरांची भीती थोडा वेळ जायची.

त्या चिपळ्या बाईंच्या वडिलांनी स्वतः घडवलेल्या. ज्या पाळण्यात बाई लहानपणी झोपल्या, तो मोडला, तेव्हा त्याच्या शिसवी दांड्यातून त्यांनी ही जोडी केली. उरलेला वीतभर तुकडा बाईंच्या ट्रंकेत रेशमी खणात गुंडाळलेला होता.

एका दुपारी, आख्यान ऐन रंगात असताना, खालून 'टक' असा कोरडा आवाज आला आणि सगळं थांबलं. जोडीतली एक चिपळी उभी चिरली होती.

रेणूचे वडील लक्ष्मणराव तेव्हा पेपर वाचत होते. सिकंदराबादच्या रेल्वे आरक्षणाच्या खिडकीत त्यांनी उभा जन्म काढला. तेलुगू, उर्दू, मराठी, सगळ्यांत ते एकाच दमात बोलतात, कुठली भाषा कुठे संपली ते त्यांनाही कळत नाही.

"परेशान होऊ नका," ते म्हणाले. "सुलतान बाजारातून नवी आणतो."

आणलीही. बाईंनी ती जुन्या चिपळीला लावून वाजवली. मग पुन्हा वाजवली आणि खाली ठेवली. "एक बोलते, दुसरी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "यंदा देवळात दुसऱ्या कोणाला सांगा. मी आता थांबते."

माळ्यावर मला तो शब्द टोचला. थांबते. थांबलेल्याचं पुढे काय होतं, हे माळ्यावर पडून मला चांगलं कळलं होतं.

त्याच संध्याकाळी माहेरी आलेल्या रेणूने फोन करून मंदारला बोलावलं. तो आला, ट्रंकेतला शिसवी तुकडा हातात घेऊन बघितला, चिरलेली चिपळी बघितली, आणि वर माळ्याकडे बोट केलं.

"कोरक्या करेल."

मित्रांनो, खाली उतरताना मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र घाम फुटला असता, घाम असता तर. तुकडा एकच होता. त्या पाळण्याचं लाकूड जगात दुसरीकडे कुठेही उरलेलं नव्हतं. मी चुकलो, तर बाईंचं कीर्तन माझ्या हातून थांबणार होतं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जेवायच्या जागेच्या बाजूलाच, मला टेबलावर ठेवलं. बाईंनी माझ्या रुळाला हळद-कुंकू लावलं आणि मंदार ओरडला, "आई, रुळावर नको, चाकं घसरतील." त्यांनी पदराने पुसलं, तरी खाचेत थोडं राहिलंच. मंदारने गाडी ढकलली. ती खडक-खडक करत गेली. इतके दिवस एकाच जागी ओझं घेऊन बसल्याने माझी चाकं खालून चपटी झाली होती. त्याने नवी मागवली. नवी चाकं बसवली. आता फक्त ती रुळाला नेमकी लावायची होती.

मंदार माझ्यासमोर पाना घेऊन बसला. लबाड नट पुढून फिरतं, पण खालचं चाक बोटाला मागून लागतं. म्हणून त्याने लक्ष्मणरावांना मागे उभं केलं.

"अप्पा, मी गाडी धरून ठेवतो. तुम्ही खालचं चाक बोटाने फिरवत राहा. आत्ता ते भिरभिर फिरतंय ना? मी नट फिरवतो. चाक रुळाला लागलं, फिरताना जरासं नको-नको म्हणायला लागलं, की मला सांगा."

"हौ," लक्ष्मणराव म्हणाले आणि मोठ्या काळजीने त्यांनी आपलं बोट माझ्या चाकावर ठेवलं. उबदार बोट होतं ते.

पाना हलला. मी डोळे मिटावेत तसा आतून गप्प झालो.

"आस्ते," लक्ष्मणराव म्हणाले. "अजून थोडं. हौ. हौ. बराबर. चालू."

काय सांगू, ती जागा अगदी नेमकी होती. चाक रुळाला टेकलं होतं, पण गुदमरत नव्हतं. बोटाने फिरवलं तर फिरत होतं, जरा आढेवेढे घेत. माझ्या जन्मात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मंदारने पाना आणखी फिरवला.

"चालू," लक्ष्मणराव म्हणाले.

"हो हो, चालूच आहे," मंदार म्हणाला, आणि आणखी फिरवला.

"चालू, चालू."

पाना फिरतच राहिला. चाक रुळात रुतलं. लक्ष्मणरावांचं बोट त्याच्यावर नुसतं घसरायला लागलं. त्यांनी बोट काढून त्याच्याकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं.

दुसऱ्या चाकालाही तसंच. त्यापुढच्यालाही तसंच. मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड कुठे? मी फक्त कुरकुरू शकतो, आणि नव्या चाकाची कुरकुर कोण मनावर घेतो? मंदारने गाडी ढकलली. ती जड गेली. "नवीन चाकं आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. "बसतील रुळावर."

आधी त्याने आंब्याच्या लाकडाचा एक टाकाऊ तुकडा माझ्यापुढे लावला. त्यावर चिपळीचा आकार कोरायचा होता. चिपळीचा आकार माशासारखा असतो, मधे फुगीर, टोकाला निमुळता. मी निघालो. पहिल्या फेरीत ठीक होतं. दुसऱ्या फेरीत गाडी अडली, मोटर घुं-घुं करून दमली, आणि एक पाऊल राहिलं. मग आणखी एक राहिलं. मला वाटत होतं मी त्याच रेघेवरून चाललोय. पूर्ण झाल्यावर रेणूने ते लाकूड उचललं.

"हा मासा आहे का?"

"मासाच आहे," मंदार म्हणाला.

"शेपटीकडून कोणीतरी चावलेला."

दुसरा तुकडा लावला. तोही तसाच. मग मंदारने संगणकातली आकृती तपासली, गाडी ओढणारा पट्टा तपासला, मोटर हाताने फिरवून बघितली. चाकांकडे त्याने बघितलं नाही. चाकं तर लक्ष्मणरावांनी बोट लावून नेमकी केलेली होती. त्यांच्यावर शंका कशी घेणार? आणि लक्ष्मणराव दाराशी उभे राहून बघत होते. जावई इंजिनियर. त्याला काही टोकायचं कसं?

"मोटर म्हातारी झाली असेल," शेवटी मंदार म्हणाला.

रेणू म्हणाली, "मग देऊन टाक ना त्या गाडीवाल्याला. रोज खराब मोटार मागत फिरतो बिचारा."

ती गमतीत म्हणाली. पण दुसऱ्या सकाळी भोंगा आमच्या दाराशी आला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मला वाटलं, संपलं. बाहेर कोणीतरी भाव करत होतं, शेजारच्या कूलरचा. गाडी गेल्यावरही माझी थरथर गेली नाही.

रामनवमी तोंडावर आली. बाईंनी देवळात अजून नक्की कळवलं नव्हतं. त्या काही विचारत नव्हत्या, पण येता-जाता माझ्याकडे बघायच्या, आणि त्या बघण्याने मी आणखी घाबरायचो. आदल्या दिवशी सुट्टी होती. मंदार सकाळीच आला, आणखी एक मासा बिघडवला, आणि कपाळाला हात लावून बसला.

"आई, मी खरं सांगतो. याचं गणित मला सुटत नाही. पण चूक थोडीच आहे. मोठा कोरतो, मग उरलेलं हाताने घासून सारखं करू. लाकूड पुरतंय तेवढं नशीब. करू का?"

बाईंनी ट्रंक उघडून तो खण बाहेर घेतला. मग त्यांनी तुकडा काढला आणि त्याच्या हातात दिला. "करा, मंदारराव. लाकूड ट्रंकेत ठेवून वाजत नाही."

तो शिसवी तुकडा माझ्या फळीवर घट्ट बसवला गेला. काळाभोर, एका बाजूला पाळण्याच्या कडीची झीज अजून दिसणारा. कटर त्याच्यावर येऊन टेकलं. मंदारचं बोट संगणकाच्या कळीवर गेलं.

"आधी जेवून घ्या," लक्ष्मणराव म्हणाले. "उपाशी पोटी हात कापतो."

आता इथे त्या घरातली एक रीत सांगायला हवी. जावई आला की त्याचं पान आधी आणि वेगळं. सासू वाढणार, सासरे समोर बसून 'घ्या, घ्या' म्हणणार, आणि त्याचं झाल्यावर मग घरचे जेवणार. त्यामुळे इतक्या दिवसांत मंदारने सासऱ्यांना जेवताना कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र घाई होती. बाईंना संध्याकाळी देवळात निरोप द्यायचा होता, म्हणून सगळ्यांची पानं एकदमच मांडली. मी त्यांच्या अगदी शेजारी, पोटाखाली तो तुकडा धरून. जेवण संपलं की कळ दाबली जाणार, आणि मी त्या पाळण्याच्या लाकडाला चावणार. मला तेवढंच दिसत होतं.

अंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकरी होती, शेवटी ताकभात. बाई लक्ष्मणरावांच्या ताटात ताक वाढत होत्या.

"चालू, चालू," लक्ष्मणराव म्हणाले.

बाईंची पळी थांबली.

मंदारचा घास तोंडापाशी राहिला. तो पळीकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "अप्पा चालू म्हणाले. मग तुम्ही थांबलात का?"

"म्हणजे?" बाई म्हणाल्या. "चालू म्हटल्यावर थांबू नको तर काय, ताटाबाहेर सांडू?"

"चालू म्हणजे चालू ठेवा ना?"

रेणूला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "अरे, अप्पांचं चालू वेगळं. तेलुगूतलं. चालू म्हणजे पुरे. जन्मभर खिडकीत बसून तेच म्हणायचे. पैसे पुरे झाले, चालू. गर्दी पुरे झाली, चालू."

मंदारने घास परत ताटात ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "अप्पा, परवा चाकं लावताना तुम्ही चालू म्हणत होतात."

"हौ. म्हणत होतो."

"मी आवळत होतो."

"ते तर बघत होतो मी. बोट दुखलं माझं. मला वाटलं, इंजिनियर आहेत, इंटरनेटवर बघून घट्ट करायलेत. एवढं घट्टच लागत असेल."

"पण सांगायचं ना अप्पा."

"सांगत तर होतो. चालू, चालू. आणखी कसं सांगू? जावयाच्या हातातला पाना हिसकावून घेऊ?"

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. मंदार मात्र उष्ट्या हाताने तसाच उठला. "हात धू आधी," रेणू ओरडली, "लाकडाला ताक लागेल."

शिसवी तुकडा त्याने आधी काढून बाजूला ठेवला, बाईंच्या मांडीवर. मग पाना घेऊन माझ्यासमोर बसला. मागे पुन्हा ते उबदार बोट आलं. मित्रांनो, भीती तेव्हाही होती. एवढ्या आवळण्याने नव्या चाकांना खाच पडली असेल, तर? मंदारने नट उलटं फिरवलं. रुतलेलं चाक सुटलं. मग त्याने पुन्हा हळूहळू रुळाकडे आणलं.

"अप्पा?"

"अजून थोडं. आस्ते. हां." लक्ष्मणराव थांबले. आत आलेला शब्द त्यांनी गिळला आणि शाळेतल्या मुलासारखं स्पष्ट म्हणाले, "पु-रे."

पाना थांबला. जसा पहिल्या वेळी थांबायला हवा होता, तसाच. चाक टेकलं होतं आणि तरी फिरत होतं. एकेक करून सगळ्या चाकांना तसंच केलं. मंदारने गाडी ढकलली. ती रुळावरून अशी गेली, की तिचा आवाज फक्त मलाच आला.

आंब्याच्या शेवटच्या तुकड्यावर कोरलेला मासा रेणूने हातात फिरवून बघितला. शेपटी पूर्ण होती. तिने तो लगेच आईच्या हातात दिला.

मग तो काळा तुकडा पुन्हा माझ्या पोटाखाली आला. बाई माझ्या शेजारी पाटावर बसल्या, चांगली चिपळी हातात धरून. कटर लाकडात उतरलं तेव्हा मी इतका भ्यायलो होतो, की पहिली काही पावलं कशी टाकली ते मला आठवत नाही. शिसवाचा भुसा जांभळट असतो. तो उडून बाईंच्या पदरावर पडत होता, त्या झटकत नव्हत्या.

"आई, तुम्हाला भीती वाटते?" मंदारने विचारलं.

"मला?" बाई म्हणाल्या. "मला दर कीर्तनाला वाटते. नमनाला उभी राहिले की घसा सुकतो, वाटतं पहिलाच शब्द विसरणार. वडील म्हणायचे, भीती वाटली तर तिला जवळ बसू दे, फक्त तिच्या हातात चिपळ्या देऊ नकोस."

हे मी कोरता कोरता ऐकलं, मित्रांनो. माझी भीती गेली नाही. ती माझ्याशेजारी बसून राहिली, आणि मी पावलं मोजत गेलो. फेरीवर फेरी आली आणि प्रत्येक फेरी आपल्याच रेघेवर पडली. शेवटी कटर वर उचललं गेलं, तेव्हा फळीवर एक काळा मासा होता.

लक्ष्मणरावांनी चिरलेल्या चिपळीची कडी आणि पितळी चकत्या नव्या लाकडात बसवल्या. मंदारने घाईने जोडी हातात घेतली आणि वाजवली. ठप्प. मेलेला आवाज. माझ्या रुळापर्यंत थंडी गेली.

बाईंनी त्याचा हात धरला. "मुठीत काय आवळता? बोटांत राहू द्या तिला. हलू द्या थोडी." त्यांनी जोडी आपल्या बोटांत घेतली, मनगट जरासं हललं, आणि त्या दोघी बोलल्या. एकीने विचारलं, दुसरीने उत्तर दिलं. एकाच पाळण्यातल्या त्या. ओळखणार नाहीत कशा?

बाईंनी फोन उचलून देवळात कळवलं.

रामनवमीला घर रिकामं झालं. मी कोपऱ्यात एकटा. देऊळ मागच्याच गल्लीत आहे, तिथल्या भोंग्याचा आवाज आमच्या खिडकीतून येतो. आधी पेटी लागली, तबला लागला, मग सगळं शांत झालं. ती शांतता मला फार मोठी वाटली. माझ्या मनात आलं, एखाद्या पावलाने चुकलो असेन तर? लाकडात आत कुठे बारीक चीर गेली असेल तर? माझ्याकडून झालेलं मला दिसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि मग चिपळ्या वाजल्या. त्यांच्या मागोमाग बाईंचा आवाज आला, थोडा सुकलेला, नमनाचा. दुसऱ्या ओळीला तो ओला झाला. पुढे मध्ये नामाचा गजर उठला तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरली, आणि तिच्याबरोबर मीही. भीतीनेच का, ते मला ठरवता आलं नाही.

आता मी माळ्यावर जात नाही. दर रविवारी मंदार रुळांतला भुसा ब्रशने काढतो, चाकं कोरड्या फडक्याने पुसतो. तरी पाना निघाला की मी अजून दचकतो, तो स्वभावच आहे. पण आता पान्याआधी मागून एक बोट येतं, आणि मंदार थांबून विचारतो, "अप्पा, तुमचं चालू की आमचं?" मग दोघे हसतात, आणि त्या हसण्यात माझं नट नेमक्या जागी थांबतं.

तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी असेल. शिवणयंत्र असेल, सायकल असेल, पेटी असेल. त्याला चादरीत गुंडाळून विसरू नका. त्याच्या खाचेतली धूळ काढा. आवळायची वेळ आली तर आधी बोट लावून बघा, ते नको-नको म्हणतंय का. ज्यांना तोंड नाही ते कुरकुरतात, ती कुरकुर मनावर घ्या. आणि तुमच्या मागे कोणी बोट लावून उभं असेल, तर त्याचा शब्द नीट विचारून घ्या. तो मोठा असो की लहान, आपल्या भाषेतला असो की शेजारच्या.

माझं बोलणं लांबलं. आत कुठे तरी पुन्हा भीती वाटायला लागली आहे, की तुम्ही कंटाळलात. म्हणून इथे चालू, मित्रांनो.

लक्ष्मणरावांचं चालू.